नळीतलं निळं पाणी

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. एकोणपन्नास वर्षांच्या बसड्रायव्हरला टिल्लू म्हणते म्हणून फुगून बसू नकोस. पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलं आहे, पोस्टमनपुढे तुझी अब्रू शाबूत आहे.

पत्र बघून घाबरला असशील. कोणी गेलंबिलं नाही. पण फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. मी विचारते, कसा आहेस. तू म्हणतोस, "एकदम फर्स्ट क्लास ताई, पाहुणे मजेत आहेत," आणि फोन सरकारच्या हातात देऊन मोकळा होतोस. (तू बायकोला सरकार म्हणायला लागलास, आता आम्हा सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं आहे.) सरकार मग गळक्या नळापासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळं सांगते, फक्त तुझं सोडून. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही. देऊही नकोस. एकट्याने वाच.

माझं ठीक. गुडघे कुरकुरतात. इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद आहे आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहते, हे गुडघ्यांना रोज संध्याकाळी नव्याने कळतं. घरात काही संपलं की खाली उतरायच्या आधी विचार करते, याच्यावाचून आज अडणार आहे का. बहुतेक अडत नाही. काल बिनसाखरेचा चहा प्यायले. तू हसशील, पण तुझं सगळं बालपण मी तसाच प्यायले आहे, सवय आहे.

प्रयोगशाळेत माझी जोडीदारीण जुलैपासून बाळंतपणाच्या रजेवर आहे. तिच्या जागी कोणाला तरी घेऊ म्हणाले, घेतलं नाही. पूर्वी मी फक्त मोजायचे. डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या पेशींचे पुंजके, म्हणजे तुझे पाहुणे, येतात, रंग दिला की लाल होतात, आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून डाव्या हातातल्या यंत्राची कळ दाबत बसते. माणसाच्या अंगात सोडण्याआधी त्यातले किती जिवंत आहेत ते सांगायचं, हे माझं काम. अंगात गेल्यावर ते तगले का, हे रक्तावरून सांगायचं, ते तिचं काम. आता दोन्ही माझ्या गळ्यात आहे. घरी येते तेव्हा डोळ्यांभोवती चष्म्याच्या नव्हे, त्या भिंगाच्या खुणा असतात. लिफ्टपाशी भेटणारी बाई मला परवा म्हणाली, "तुम्हाला झोप लागत नाही का हो?" मी म्हटलं, लागते की. तिचं काय चुकलं.

मोठे डॉक्टर खुशीत आहेत. पेशी घेतलेल्या तुम्हा सहा जणांपैकी दोघांच्या अंगाने त्या नाकारल्या, तिघांची इन्सुलिनची सुई निम्म्यावर आली, आणि पूर्ण सुटली ती तुझी एकट्याची. "आमचा ड्रायव्हर" असं म्हणूनच ते बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांपुढे तुझी गोष्ट सांगतात. सातव्या नंबरला एक शिक्षिका आहे, वर्गात शिकवताना दोनदा बेशुद्ध पडलेली. डिसेंबरात तिची पाळी. परक्या जनावराच्या पेशी अंगाने मारून टाकू नयेत म्हणून जी औषधं तुला दिली, तीच आणि तेवढीच तिला द्यायची की जास्त, हे तुझे आकडे बघून ठरायचं आहे.

तुझी साखरेची वही आमच्याकडे आली, ती पाहिली. हुशार मुलाच्या शुद्धलेखनासारखी आहे. कुठे खाडाखोड नाही.

तोंडातले फोड गेले का? हात थरथरतात का अजून? खरं सांग. आणि एक गोष्ट तुला अकरा महिन्यांपूर्वीही सांगितली होती, पुन्हा सांगते. साखर कधी वर गेली तर तो तुझा गुन्हा नाही. अंगातले पहारेकरी औषधाने गुंगवून ठेवलेले असतात. कधी एखादा जागा होतो आणि परक्याला ओळखतो. ते लगेच कळलं तर औषध वाढवून त्याला पुन्हा झोपवता येतं, पेशी वाचतात. उशीर झाला तर मग हातात काही राहत नाही. हे तुला पाठ आहे. तरी का लिहितेय कोण जाणे.

परवा काचेच्या नळ्या धुताना आपल्या घरची नळी आठवली. तू सात वर्षांचा, मी चौदा. आई सकाळी तुझ्या लघवीचे आठ थेंब मोजून त्या निळ्या औषधात टाकायची आणि नळी चिमट्यात धरून ज्योतीवर उकळायची. हिरवं झालं की आई गप्प, पिवळं झालं की बाबा गप्प, विटकरी झालं की सगळं घर गप्प. साखर नसली आणि निळंच राहिलं की दिवसभर आईचा आवाज हलका असायचा. तुला आठवतं का ते?

बाकी विशेष नाही. एका तपासणीचं नवीन किट आलं आहे, दोन आठवडे खोक्यातच पडून आहे. उघडायला वेळ झालेला नाही.

उत्तर लिही. फोन करू नकोस.

तुझी
ताई


शनिवार, १५ नोव्हेंबर
डेपो, डबा खाऊन झाल्यावर

ताईस नमस्कार. वाकून केला असं समज. प्रत्यक्षात पाठ धरली आहे, चार दिवस सरळ उभं राहिलं तरी पुष्कळ.

शाळा सुटल्यानंतर मी पहिल्यांदाच पत्र लिहितोय. सरकारने कागद देताना विचारलं, कोणाला लिहिताय. मी म्हटलं, माझं एक जुनं प्रकरण आहे. तिने कागद दिला आणि वर पेनही दिलं, म्हणजे माझी काय किंमत आहे बघ.

ताई, तू फार थकलेली दिसतेस पत्रात. रजा घे. जगातली डुकरं काही पळून जात नाहीत.

माझं म्हणशील तर खरंच फर्स्ट क्लास. पाहुणे मजेत आहेत, यकृतात पाय पसरून बसलेत. अकरा महिने झाले, एवढे दिवस तर सासुरवाडीचं माणूसही आपल्याकडे टिकलं नाही. तोंडातले फोड गेले. हात थोडे थरथरतात, चहा बशीत सांडतो. पण परवा मी उभ्या बसमध्ये बसून बघितलं, स्टिअरिंग धरलं की थरथर आपोआप थांबते. हातांनाही कळतं आपण कशासाठी आहोत ते.

आता खरी बातमी. ३ डिसेंबरला बारा महिने पूर्ण होतात. सुईशिवाय बारा महिने म्हणजे डॉक्टरांचा दाखला, आणि दाखला म्हणजे बस. डेपो मॅनेजर म्हणाला, चौदा नंबर तुझीच. तीच, सकाळची शाळेच्या रस्त्याची. तीन वर्षं मी फाटकावर बसून धुतलेल्या बसेस मोजतोय, ताई. ज्याने अठरा वर्षं गाडी चालवली त्याने दुसऱ्याच्या गाडीचे आरसे पुसलेत का ते बघायचं. त्या दिवशी माझी साखर न सांगता पडली आणि बस दुभाजकावर चढली, कोणाला ओरखडाही आला नाही, एका मुलीची पाण्याची बाटली तेवढी फुटली. पण ती मुलगी माझ्याकडे जशी बघत होती ते मी विसरलेलो नाही. मला तिला एकदा नीट शाळेत पोचवायचं आहे. आता ती कॉलेजात गेली असेल म्हणा.

सरकारने युनिफॉर्म काढून उसवलेलं शिवून ठेवलंय. पहिल्या फेरीला तू यायचं. ड्रायव्हरच्या मागची सीट मी तुझ्यासाठी धरून ठेवणार. तू माझ्यासाठी तिथे शब्द टाकलास, सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन माझं नाव यादीत घातलंस, तुला मी तोंडघशी पाडणार नाही. एवढं लक्षात ठेव.

थकवा असतोच. बुधवारी फाटकावरच्या स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागला. गाड्या धुणाऱ्या म्हाताऱ्याने हलवलं, घामाने भिजलो होतो म्हणे, मग त्याने गोड चहा पाजला तेव्हा कुठे झोप उडाली. त्यावरून सगळे चिडवतात, फाटकाला पहारेकरी ठेवलाय का पाहुणा.

आणि नळीचं काय काढलंस एकदम? आठवते की. ते औषध जुनं निघालं होतं ती गोष्ट ना? तीन दिवस नळी निळी आणि चौथ्या दिवशी मी दवाखान्यात, तोंडाला सडक्या फळाचा वास. आई त्या औषधवाल्याशी अशी भांडली की त्याने नवी बाटली तर दिलीच, वर माझ्यासाठी खडूचा डबा दिला. बिचारा रस्त्यात आई दिसली की दुकानात आत जायचा. आई गेली तेव्हा तोही आला होता भेटायला, मला म्हणाला, तुमच्या आईला मी आयुष्यभर घाबरलो. हसू येतं आठवलं की.

पुरे. जेवणाची सुट्टी संपली. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा
टिल्लू (पोस्टमनला सांगू नकोस)


गुरुवार, २० नोव्हेंबर, दुपार

प्रिय टिल्लू,

आज कामाचा दिवस आहे आणि मी दुपारी घरात आहे, यावरून काय ते समज. लिफ्ट कालच दुरुस्त झाली. आता मला कुठे जायचं नाही.

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोनदा हसले, मग तो गोड चहा वाचला. गोड चहाने झोप उडत नाही, टिल्लू. गोड चहाने पडलेली साखर चढते. आणि पाहुणे मजेत असतील तर साखर अशी पडत नाही. त्यांना कुठे थांबायचं ते कळतं. सुईला कळत नाही.

आता मी सरळ लिहिते. मागच्या पत्रात चार पानं गोल गोल फिरले, तुझ्या तोंडून निघेल म्हणून वाट बघत होते. तू माझा भाऊ, तू कशाला बोलशील.

पाहुणे गेले, टिल्लू. ऑगस्टपासून जायला लागले होते. तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

कसं, ते सांगते. शेंग फोडली की दाणा निघतो आणि टरफल पडतं. पेशी इन्सुलिन बनवते तेव्हा असंच एक टरफल रक्तात पडतं. डुकराच्या पेशीचं टरफल वेगळं, माणसाचं वेगळं, आणि तुझ्या स्वतःच्या पेशी तर लहानपणीच संपल्या. बाटलीतल्या इन्सुलिनला टरफल नसतं, ते सोलून आलेलं असतं. माझी जोडीदारीण रजेवर गेल्यापासून ही टरफलं मी मोजते. तुझ्या नमुन्याला मी हात लावायचा नाही असं मी पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं. पण नळीवर नाव नसतं, नंबर असतो, आणि ती गेल्यावर मला कोणी विचारलं नाही, मीही कोणाला आठवण करून दिली नाही. मंगळवारी बाहेरगावाहून रक्ताच्या नमुन्यांचा एकच डबा येतो. त्यात तू असतोस.

ऑगस्टमध्ये तुझी टरफलं निम्मी झाली. साखर मात्र वहीत जिथल्या तिथे. टरफलं कमी आणि दाणे भरपूर, म्हणजे दाणे बाजारातून आणलेले. मला पाच मिनिटांत कळलं तू काय करतोयस. मी काय केलं विचार. मी कागदावर लिहिलं, "नमुना खराब, पुन्हा मागवावा." सप्टेंबरात आणखी खाली गेली. मी तीच तपासणी तीनदा केली आणि तिन्हीतला सगळ्यात मोठा आकडा लिहिला. ऑक्टोबरात काहीच नव्हतं. मी लिहिलं, किटबद्दल शंका आहे, नवीन मागवलं आहे. नवीन किट आलं, ते मी खोक्यात ठेवलं. वेळ नव्हता असं तुला लिहिलं. वेळ होता. रोज त्या खोक्यासमोर बसून डबा खात होते.

तीस वर्षांत मी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. लोक माझी चेष्टा करायचे, हिला हसायला सांगितलं तरी आधी मोजेल म्हणून. आणि केलं तेव्हा हे.

मी स्वतःला सांगत होते की तुला सावरायला वेळ देतेय. पुढच्या महिन्यात तू आपणहून बोलशील. खरं म्हणजे मोठे डॉक्टर "आमचा ड्रायव्हर" म्हणाले की मला बरं वाटायचं. आयुष्यभर तुला टोचत आले, एकदा तरी माझ्या हातून तुझी सुई सुटली होती. ते मला सोडवत नव्हतं.

सोमवारी दुपारी सरकारचा फोन आला. तुझी पाठ धरलेली नाही, नागीण झाली आहे, कमरेपासून छातीपर्यंत. गुंगवलेले पहारेकरी चोर आला तरी उठत नाहीत, म्हणून होते ती. म्हणजे मेलेल्या पेशींच्या राखणीसाठी तू रोज ती औषधं गिळतोयस आणि अंग उघडं टाकतोयस. उद्या साधा खोकलाही तुला झोपवेल. हे मला सरकारकडून कळावं? आणि तिने आणखी एक सांगितलं. तुझा रोजचा शर्ट धुताना खिशात सुईचं एक इवलंसं टोपण सापडलं. म्हणाली, "ताई, वीस वर्षं त्यांची टोपणं केरात टाकतेय, मला ओळखू येत नाही असं नाही. पण तुम्ही सांगा ना, की जुनं असेल." मी म्हटलं, जुनं असेल.

फोन ठेवला आणि ते किट उघडलं.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत दोनदा करून झालं. शून्य. त्याच संध्याकाळी घरी आले तर दारात तुझं पत्र. ड्रायव्हरच्या मागची सीट.

काल सकाळी चारही महिन्यांचे खरे आकडे घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी काय काय लिहिलं होतं तेही एका कागदावर लिहून नेलं, बोलताना काही गाळीन म्हणून. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ऑगस्टपासून?"

मी म्हटलं, "हो."

"ऑगस्टमध्ये सांगितलं असतं, तर मी औषध वाढवलं असतं."

"वाचल्या असत्या का?"

"ते आता कोण सांगणार, बाई."

मग त्यांनी सातव्या नंबरच्या शिक्षिकेची तारीख माझ्यादेखत खोडली. तुझे आकडे खरे धरून तिला तेवढंच औषध दिलं असतं तर तिचंही तेच झालं असतं, आणि तिला आपलं भाऊबहिणीचं काही माहीत नाही. माझं दाराचं कार्ड परत घेतलं. चौकशी होईल. निवृत्तीला दीड वर्ष होतं. त्याचं मला फारसं काही वाटत नाहीये, हे लिहितानाही आश्चर्य वाटतं. फक्त झोप येते. काल दुपारी चारला झोपले ती आज सकाळी उठले.

तुझा राग आलाय, टिल्लू. खूप आलाय. ऑगस्टमध्ये साखर चढली त्या दिवशी तू दवाखान्यात फोन केला असतास तर पेशी वाचल्या असत्या कदाचित. आणि मी पहिला आकडा बघून तोंड उघडलं असतं तरी. तू मला तोंडघशी पाडायचं नाही म्हणून गप्प, मी तुझा हिरमोड करायचा नाही म्हणून गप्प. परक्या पेशी अंगाने मारल्या हे खरं. पण अंगाला आपण तीन महिने मोकळं रान दिलं, दोघांनी मिळून.

बस तुला मिळणार नाही. हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकू नयेस म्हणून मीच लिहिते. बुधवारची ती झोप चौदा नंबरच्या फेरीत लागली असती तर या वेळी बाटलीवर भागलं नसतं. तुलाही हे कळतं. स्टुलावर शुद्धीवर आलास तेव्हाच कळलं असणार, म्हणून तर एवढा विनोद करून लिहिलंस.

मी डॉक्टरांना फक्त आकडे दिले आणि माझं सांगितलं. तुझ्या सुईबद्दल बोलले नाही. ते काही खुळे नाहीत, त्यांना कळलंच असेल, पण ते सांगायचा हक्क तुझा आहे. पत्र हातात पडेल त्याच दिवशी त्यांना फोन कर. त्यांच्याकडून आधी फोन आला तर हसण्यावारी नेऊ नकोस. अंगाने पेशी नाकारू नयेत म्हणून घेतोस त्या गोळ्या मनाने बंद करू नकोस, ते सांगतील तशा कमी कर. नागीण दाखव. आणि इन्सुलिन जिथे कुठे लपवलं असशील, डेपोच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्यांमागे असणार, ते घरी आण आणि घरच्या फ्रीजमध्ये सगळ्यांना दिसेल असं ठेव. सरकारला सांग की टोपण जुनं नव्हतं. तिला ठाऊक आहे. पण तू सांग.

आता नळीचं.

औषध जुनं नव्हतं, टिल्लू. त्या सकाळी मी न्हाणीघराच्या दारात उभी होते. तू वाटी नळाखाली धरलीस, लघवीऐवजी अंगठ्याएवढं पाणी घेतलंस, आणि आईच्या हातात नेऊन दिलीस. नळी निळी राहिली, आईने तुझ्या सुईतलं औषध कमी केलं आणि गाणं गुणगुणत कणीक मळायला बसली. महिनाभर तिने गुणगुणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तेच केलंस आणि जाताना माझ्याकडे बघितलंस. मी दारातून बाजूला झाले, तुला जायला वाट दिली. तिसऱ्या दिवशीही. तुला हे आठवत नसेल किंवा आठवायचं नाही असं तू ठरवलं असशील. तू सात वर्षांचा होतास, तुला आईला हसवायचं होतं. मी चौदा वर्षांची होते. निळं म्हणजे काय आणि विटकरी म्हणजे काय, हे मला समजत होतं.

दवाखान्यात, तू शुद्धीवर नव्हतास तेव्हा, आईने मला व्हरांड्यात नेलं आणि विचारलं, "तुला काही दिसलं होतं का गं?" मी म्हटलं, नाही. मग तिने तो औषधवाला धरला. ती इतकी वर्षं त्या बिचाऱ्याला बोल लावत राहिली, आपण दोघं हसत राहिलो, आणि ती तशीच गेली. तिला मी कधी सांगितलं नाही. तुलाही नाही.

तू बरा होऊन घरी आलास त्या दिवसापासून तुला टोचायचं काम मी मागून घेतलं. आई सगळ्यांना सांगायची, पोरगी किती मायेची आहे.

३ डिसेंबरला मी येते. बसची फेरी नसली तरी येते, साध्या गाडीने. सकाळी टेबलापाशी सगळ्यांसमोर साखर बघ, जो आकडा येईल तो मोठ्याने वाच, आणि सगळ्यांसमोर टोचून घे. मला टोचू देशील तर मी टोचीन, माझा हात अजून स्थिर आहे. आणि मग उरलेल्या दिवसात, बस नाही, नोकरी नाही, अशी दोन म्हातारी माणसं करतात तरी काय, ते बघू.

आईने विचारलं होतं त्याचं उत्तर तिला द्यायचं राहिलं. तुला देते. हो, मला दिसलं होतं. तेव्हाही आणि आत्ताही.

जिला दिसलं होतं ती,
तुझी ताई